यादी जमातीची, पैसे ज्याच्या-त्याच्या खात्यात

कोकणात वादळ झालं की तोच वाद पेटतो: मदत कोळीवाड्याच्या जमातीमार्फत, म्हणजे गावातल्या कोळ्यांच्या पंचायतीमार्फत, द्यायची की थेट खात्यात? जपानमधून बघताना वाटतं, पैसे कोणाच्या हाती जातात याआधी मदतीची यादी कोण करतं आणि कधी, हे विचारायला हवं.

इथल्या मच्छीमार सहकारी संस्था 1948 च्या कायद्याने बांधलेल्या आहेत. किनाऱ्यालगतच्या मासेमारीचा हक्क संस्थेकडे असतो आणि पूर्ण सभासद व्हायला वर्षाकाठी ठरावीक दिवस मासेमारी करावी लागते. म्हणजे दर्यावर कोण जातं, हे आधीच कागदावर असतं. 2011 च्या त्सुनामीनंतर इवातेतल्या ओमोए संस्थेने उरलेल्या आणि बाहेरून आणलेल्या जुन्या होड्या सामायिक केल्या, मिळकत वाटून घेतली. संस्थेच्या नावे नवी होडी घेतली की एक तृतीयांश खर्च केंद्र आणि तेवढाच प्रीफेक्चर (म्हणजे तिथला प्रांत) उचलत होतं.

आपल्याकडे सोसायट्या आहेत, पण विश्वास जमातीवर. तो अनाठायी नाही. वादळानंतर पाच जणांची जाळी एका ढिगात गुंतलेली असतात; कुठलं कोणाचं, हे तांडेल (होडीचा म्होरक्या) ओळखतो, तलाठी नाही. अडचण अशी की जमात मोजते ती नाखवा (होडीमालक) आणि घरकर्ता. बाहेरगावचा खलाशी आणि वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील सुकवणारी बाई गळते. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतल्या नागपट्टणमच्या ऊर पंचायतींनी (मच्छीमार गावांच्या पंचायती) मदत झपाट्याने वाटली, पण हिस्सा वर्गणी देणाऱ्या पुरुषागणिक. विधवा मागे पडल्या. सरकारी निकष तरी कुठे वेगळे? 2020 मध्ये केंद्राचा भरपाईचा दर पूर्ण नष्ट होडीला 9,600 रुपये, जाळ्याला 2,600. भिजून कुजलेल्या सुक्या बोंबलांना रकानाच नव्हता.

यादी पावसाळी बंदीत, होड्या वर ओढल्यावर करू, असं म्हणून चालणार नाही. बंदी 1 जूनला लागते. निसर्ग वादळ 2020 च्या 3 जूनला आलं, तौक्ते 2021 च्या मेमध्येच. अरबी समुद्रातली वादळं मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची, म्हणून एप्रिलअखेर आणि सप्टेंबरअखेर अशी दोनदा. नौकेचा नोंदणी क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, जाळ्याचं वजन किलोत, खलाशाचं नाव आणि खातं, बायकांची नोंद त्यांच्याच नावे. सभेत मोठ्याने वाचायची, प्रत मत्स्यव्यवसाय कार्यालयात.

पैसे या यादीवरून थेट खात्यात जावेत. वस्तू मात्र जमातीकडेच द्याव्यात, कारण तातडीने काय लागतं हे तिला कळतं. खाऱ्या पाण्यात बुडालेलं इंजिन लगेच गोड्या पाण्याने धुऊन तेल बदललं नाही तर आतून गंजून जाम होतं. ट्रक मात्र बिस्किटं आणि जुन्या साड्या घेऊन येतात.

खलाशांची नावं लिहून द्यायला नाखवा कुरकुरतील, कारण नावापाठोपाठ विमा येतो. तेवढ्यापुरतं जमातीच्या भिडेवर सोडू नये. परवाना नूतनीकरणाच्या अर्जालाच ही यादी जोडायला लावावी.