दोन हजार पॉइंटांची फौज

लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले वडील ज्या घरात राहतात, त्या घरात विलायती मिनिएचरची, म्हणजे लढाईच्या खेळातल्या चिमुकल्या सैनिकांची, फौज पोसू नये, असा नियम कुठे लिहिलेला नाही; तो असायला हवा होता. आमच्या लक्ष्मीनगरच्या घराची बेल कुरिअरवाल्याने वाजवली, की मी गच्चीवरून खाली येईपर्यंत बाबांनी चष्मा कपाळावर चढवून पार्सलवरची चिठ्ठी वाचलेली असते आणि "बिल कुठं आहे?" हा प्रश्न तयार असतो. उभी हयात सरकारी कचेऱ्यांच्या खर्चावर आक्षेप काढण्यात गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतर सुडोकू पुरत नाही, आणि दुर्दैवाने त्यांच्या हाती लागेल असा घरातला एकमेव संशयास्पद खर्च माझा आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या खेळात दोन माणसे टेबलावर आपापली फौज मांडतात, टेपने इंचात अंतर मोजून सैनिक पुढे सरकवतात आणि मूठभर फासे टाकून कोण मेले ते ठरवतात. प्रत्येक सैनिकाचे ठरावीक पॉइंट असतात आणि मोठ्या लढाईला दोन्ही बाजूंनी दोन हजार पॉइंटांची फौज लागते. सैनिक अंगठ्याएवढा असतो, पण तो सैनिक म्हणून मिळत नाही; प्लॅस्टिकच्या चौकटीला लटकलेले हात, पाय, मुंडकी आणि बंदुका मिळतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. चिकटवण्याचे द्रावण वेगळे, रंग वेगळे, ब्रश वेगळे, नियमांचे पुस्तक वेगळे आणि आपल्या फौजेचे पुस्तक, ज्याला कोडेक्स म्हणतात, ते आणखी वेगळे. हे सगळे ऐकून झाल्यावर बाबांनी पहिला आक्षेप नोंदवला तो असा: "म्हणजे माल त्यांचा, पैसे तुझे, आणि मजुरीही तूच करून राहिला?"

दुसरा आक्षेप दराबाबत होता. रंगाची छोटी डबी १२ मिलिलिटरची असते आणि इथे पोचेपर्यंत तीनशे रुपयांच्या घरात जाते. बाबांनी कागदही न घेता लिटरचा दर पंचवीस हजार रुपये काढला आणि तो आईला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केला. त्यानंतर त्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा मागवून एका सेनापतीचे वजन केले. एकट्या सेनापतीचा खोका पंचवीस पौंडांच्या आसपास पडतो आणि आतला ऐवज इतका हलका, की काटा आधी हललाच नाही. निघालेला प्रतिकिलो दर मी इथे देत नाही, कारण तो आईला अद्याप सांगितलेला नाही. खोका कुठल्या कंपनीचा होता हेही सांगत नाही. हे आक्षेप या धंद्यातल्या जवळजवळ सर्वांनाच लागू आहेत.

बाबांचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे, की आक्षेप काढण्यापूर्वी ते मूळ कागदपत्रे बघतात. या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी म्हणजे गेम्स वर्कशॉप. १९७५ साली लंडनमध्ये तीन मित्रांनी ती काढली तेव्हा ते हाताने केलेले लाकडी पट विकत असत. पुढे कंपनीने धातूच्या मूर्ती ओतणाऱ्या सिटाडेल या कारखान्याला हात दिला, आणि मग अडचण अशी आली, की ज्यात प्रत्येक जण एखाद्या पात्राची भूमिका घेतो असे कथाप्रधान खेळ खेळणारी मंडळी एक योद्धा, एक जादूगार आणि दोनचार राक्षस घेत आणि गप्प बसत. चार मूर्तींवर कारखाना चालत नाही. तेव्हा ज्यात माणसाला पलटणीच्या पलटणी लागतील असा खेळ तयार करण्यात आला आणि १९८३ साली वॉरहॅमर बाजारात आला. त्याचा अंतराळातला भाऊ, वॉरहॅमर ४०,०००, १९८७ साली. खेळासाठी मूर्ती घडल्या अशी माझी भाबडी समजूत होती. मूर्ती खपाव्यात म्हणून खेळ घडला, हे बाबांनी मला संत्रा बर्फीचा तुकडा तोडता तोडता सांगितले, आणि एखाद्या निविदेतली मेख सापडल्यावर दिसत असेल तसे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

खरी मेख पुढेच होती. वॉरहॅमर ४०,००० ची आठवी आवृत्ती २०१७ साली आली, नववी २०२० साली आणि दहावी २०२३ साली. दर तीन वर्षांनी नियम बदलतात, कोडेक्स नव्याने घ्यावे लागते, आणि ते छापून होते न होते तोच त्यातले पॉइंट बदलल्याचे परिपत्रक निघते. बाबा सर्वांत जास्त रमले ते या पॉइंटांत. समजा एक सैनिक वीस पॉइंटांचा आहे आणि आपल्याकडे असे शंभर आहेत, तर दोन हजारांची फौज पूर्ण झाली. उद्या कंपनीने तोच सैनिक अठरा पॉइंटांचा केला, तर कपाटातला एकही सैनिक हललेला नसताना फौज दोनशे पॉइंटांनी तोकडी पडते, आणि ती भरून काढायला पुन्हा खोका आणावा लागतो. खोक्याची किंमत वाढली तर लोक ओरडतात. पॉइंट घटले तर लोक टेबलाभोवती जमून 'बरे झाले, सैनिक स्वस्त झाला' असे म्हणतात. मी स्वतः म्हटले आहे. बाबांनी पॉइंट बदलल्याचे परिपत्रक दोनदा वाचले, वहीत लाल शाईने उतरवून घेतले आणि कित्येक वर्षांत कुणाविषयी बोलले नसतील इतक्या आदराने म्हणाले, "हा जो कोणी माणूस आहे ना, तो वित्त विभागात पाहिजे होता."

तान्हा पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्याला, आमच्याकडे जो लाकडी बैल निघतो, तो बाबांच्या आजोबांनी घेतलेला आहे. त्याची शिंगे एकदा बदलली, चाके दोनदा, आणि आज तो माझ्या भाचीच्या मालकीचा आहे. गल्लीतल्या मुलांच्या रांगेत तो उभा राहतो तेव्हा, तुमचा बैल मागच्या आवृत्तीचा असल्यामुळे बोजारा, म्हणजे मुलांना मिळणारी भेट, मिळणार नाही, असे त्याला कुणी सांगत नाही. हे उदाहरण बाबा मला दर वर्षी त्याच दिवशी देतात, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण २०१५ साली कंपनीने बत्तीस वर्षांचा जुना वॉरहॅमर मोडीत काढला, त्याची दुनियाच गोष्टीत नष्ट करून टाकली आणि पायाखाली चौकोनी बैठक असलेल्या सैनिकांच्या पलटणींच्या जागी गोल बैठकीचा नवा खेळ आणला. एका संतप्त गृहस्थाने तर आपली फौज जाळून त्याचा व्हिडिओ केला. जानेवारी २०२४ मध्ये जुनी दुनिया नव्या नावाने परत आली, तीही चौकोनी बैठकींसह. ज्यांनी मधल्या काळात बैठकी उपटून गोल केल्या होत्या, त्यांच्या मनःस्थितीविषयी काही न लिहिलेलेच बरे.

कंपनीची बाजूही आहे, आणि ती मांडल्याशिवाय अहवाल पूर्ण होत नाही असे बाबांचे मत. प्लॅस्टिक कवडीमोल असले तरी ज्यात ते दाबून भरतात ते पोलादी साचे अतिशय महाग असतात, आणि हा कारखाना कंपनीने स्वस्त मजुरीच्या देशात न नेता नॉटिंगहॅममध्येच ठेवला आहे. हे ऐकून बाबा क्षणभर विरघळले. मग त्यांनी विचारले, की साच्याचा खर्च वसूल झाल्यावर जुन्या खोक्याचा भाव उतरतो का? उतरत नाही, नव्याबरोबर तोही चढतो. २०११ साली धातूऐवजी रेझिनच्या, म्हणजे कृत्रिम राळेच्या, मूर्ती आल्या तेव्हाही किमती वरच गेल्या, आणि मूर्तीत हवेचे बुडबुडे निघतात म्हणून गिऱ्हाइके ओरडत राहिली.

त्यात आपल्या सरकारने २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचे आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेले आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर. 'ही खेळणी नाहीत' हे वाक्य मी पूर्वी केवळ स्वाभिमानापोटी उच्चारत असे. तेव्हापासून ते माझे आर्थिक धोरण झाले आहे.

त्रिमूर्तीनगरच्या एका मित्राने या सगळ्यावर उपाय म्हणून थ्रीडी प्रिंटर घेतला. आता तो रेझिन, हातमोजे, मूर्ती धुवायचे अल्कोहोल आणि प्रिंटरचे बिघडलेले स्क्रीन यांवर माझ्यापेक्षा जास्त खर्च करतो, आणि त्याच्या खोलीतल्या वासामुळे त्याची आजी धाकट्या मुलाकडे राहायला गेली आहे.

बाबांनी शेवटी ताळेबंद बघितला. कंपनी १९९४ पासून लंडनच्या शेअर बाजारात आहे. २०१६ च्या सुमारास पाच पौंडांच्या आसपास मिळणारा शेअर २०२४ अखेरीस शंभर पौंडांच्या पुष्कळ पुढे गेला आणि त्याच डिसेंबरात कंपनी तिथल्या पहिल्या शंभर कंपन्यांत जाऊन बसली. बाबा बराच वेळ काहीच बोलले नाहीत. "यात तुझा वाटा किती?" एवढेच त्यांनी विचारले, आणि तो प्रश्न शेअरविषयी नव्हता हे मला कळले.

तेव्हापासून माझ्या कपाटाची रीतसर मालमत्ता नोंदवही ठेवली जाते. रंगवून झालेले सैनिक 'स्थावर' की 'जंगम' यावर आमचा वाद आहे, कारण ते कपाटातून क्वचितच हलतात. न रंगवलेल्या, न चिकटवलेल्या आणि खोक्यातून न काढलेल्या सैनिकांचा गठ्ठा, जो फौजेच्या निम्म्याहून मोठा आहे, तो 'प्रगतिपथावरील भांडवली काम' या शीर्षाखाली दाखवला असून, प्रगती कुठे आहे असा शेरा समासात आहे. परवाच्या प्रत्यक्ष पडताळणीत एक नोंद वाढली: 'सैनिकाचा डावा हात, नग १, सोफ्याखाली शोध घेऊनही आढळून येत नाही. संबंधिताकडून वसुली प्रस्तावित.'