स्विचवरील एआरपी टेबल रोज क्लिअर करण्याचा सल्ला

‘नेटवर्क मंद वाटू लागले की सगळ्या स्विचवरील एआरपी टेबल क्लिअर करावे, शक्यतो रोज रात्री ते आपोआप होईल अशी सोय करावी, जुन्या नोंदींचा कचरा जातो, वेग वाढतो आणि धोका काहीच नसतो,’ असा सल्ला नेटवर्क सांभाळणाऱ्यांमध्ये सर्रास फिरतो. एआरपी टेबल म्हणजे कोणत्या आयपी पत्त्यामागे कोणता मॅक पत्ता (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) आहे याची यादी. तपासून पाहिल्यास या सल्ल्यातील एकही विधान धड टिकत नाही.

आधी वेगाचे पाहू. लेअर-२ स्विच (फक्त मॅक पत्ते पाहून काम करणारा) फ्रेम, म्हणजे माहितीचा तुकडा, पुढे धाडताना एआरपी टेबल उघडतच नाही. तो पाहतो ते मॅक टेबल, म्हणजे कोणता मॅक पत्ता कोणत्या पोर्टवर आहे याची यादी. त्याच्याजवळचे एआरपी टेबल त्याच्या स्वतःच्या मॅनेजमेंट आयपीच्या कामापुरते असते. या दोन टेबलांची गल्लत हेच सल्ल्याचे मूळ असावे, असे मला वाटते. व्हीएलएएनचा (नेटवर्कच्या वेगळ्या पाडलेल्या भागाचा) गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याची वाट, असलेल्या लेअर-३ स्विचवर (आयपी पत्ते पाहून पॅकेट धाडणाऱ्या) एआरपीला खरे महत्त्व असते. परंतु तेथेही नोंदी हार्डवेअरमध्ये उतरवलेल्या असल्यामुळे त्या कमी झाल्या म्हणून पॅकेट लवकर पोहोचत नाही. (आयपीव्ही६ वाहतुकीचा तर या टेबलाशी संबंधच नाही.)

कचऱ्याची भीतीही अनाठायी आहे. सिस्को कंपनीच्या आयओएस या स्विच-प्रणालीवर एआरपी नोंदीची मुदत मुळात ४ तास असते, तिच्याच एनएक्स-ओएस या दुसऱ्या प्रणालीवर १५०० सेकंद. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एआरपीची व्याख्या करणाऱ्या १९८२ च्या मूळ दस्तऐवजात, आरएफसी ८२६ मध्येच, अशी तरतूद आहे की, ज्या आयपीची नोंद आधीपासून आहे त्याच्याकडून एआरपी संदेश आला, तर त्यातील मॅक पत्ता जुन्यावर लिहिला जावा. म्हणजे बदललेले यंत्र गेटवेला एकदा हाक मारते, तेव्हाच नोंद दुरुस्त होते.

‘धोका नाही’ हे प्लॅटफॉर्मवर अवलंबून आहे. आयओएसवर क्लिअर करण्याची कमांड दिल्यावर स्विच नोंदीतील प्रत्येक पत्त्याला पुन्हा विचारणा करतो. म्हणून टेबल पुन्हा पाहिले तर जिवंत यंत्रे जागच्या जागी दिसतात, फक्त वयाच्या रकान्यात ० आलेले असते. एनएक्स-ओएसवर मात्र ‘फोर्स-डिलीट’ जोडले की विचारणा न करता नोंदी उडतात. हजारो नोंदी एकदम गेल्या की त्या पत्त्यांची पॅकेट सीपीयूकडे वळतात, तेथील मर्यादेमुळे काही टाकली जातात, आणि चालू नेटवर्क विनाकारण अडखळते.

राहिला ‘क्लिअर केले आणि सुरू झाले’ हा अनुभव. तो खोटा नाही, पण त्याचा अर्थ वेगळा असू शकतो. एकच आयपी चुकून दोन यंत्रांना दिला गेला असेल, तर क्लिअर केल्यावर ज्याचे उत्तर शेवटी येते त्याची नोंद बसते. योग्य यंत्राची बसली की सगळे सुरळीत वाटते, आणि दुसरे बोलले की पुन्हा बंद. अशा वेळी त्या एका आयपीची नोंद थोड्या थोड्या वेळाने पाहावी. मॅक पत्ता आलटून पालटून बदलत असेल, तर शोधायचे आहे ते दुसरे यंत्र. त्याचा पोर्ट मॅक टेबलात सापडतो.

क्लिअर करणे योग्य ठरते ते क्वचित: ठरावीक आयपीचे, आपणहून काही न बोलणारे उपकरण बदलले आणि गेटवेवर जुना मॅक अडकून राहिला, तेव्हा. त्यासाठी तेवढ्या एका पत्त्याची नोंद क्लिअर केली की पुरते. मात्र त्याच व्हीएलएएनमधील संगणकांनी तो जुना मॅक आपापल्या कॅशमध्ये ठेवलेला असू शकतो, आणि स्विचवर दिलेली कोणतीही कमांड तेथवर पोहोचत नाही.