"हलकं पेय आहे" हे उत्तर चुकीचंच होतं

नमस्कार ताई,

आमच्या कूलरला, म्हणजे फळांच्या चवीच्या अल्कोहोल असलेल्या गोड पेयाला, दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंय, "बाटलीवर पीच आणि स्ट्रॉबेरी, आत नुसतं साखरपाणी. साखर किती विचारलं तर काउंटरवर म्हणाले, हलकं पेय आहे. दोन बाटल्यांत डोकं जड झालं." ते उत्तर आमच्या काउंटरवरच्या मुलाने दिलं, पण 'हलकं' हा शब्द त्याला मीच शिकवला होता. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

खरा हिशेब असा आहे. 330 मिलीच्या बाटलीत अल्कोहोल 5 टक्के, म्हणजे सुमारे 13 ग्रॅम. तितक्याच मापाच्या, तितक्याच टक्क्यांच्या बिअरमध्येही एवढंच असतं. साखर 100 मिलीला 9 ग्रॅम, म्हणजे बाटलीला जवळपास 30 ग्रॅम. चहाचे सात सपाट चमचे होतात. साखरेच्या 120 आणि अल्कोहोलच्या 90 मिळून साधारण 210 कॅलरी. अल्कोहोलच्या एका ग्रॅममागे 7 कॅलरी असतात, त्यामुळे साखर पूर्ण काढली तरी त्या 90 राहतातच. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलंय की अशी साखर दिवसाच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत, शक्यतो 5 टक्क्यांच्या आत ठेवावी. 2000 कॅलरींच्या आहारात 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम. आमची एक बाटली ती मर्यादा ओलांडते.

एवढी साखर जिभेला कळत नाही, कारण थंडपणा गोडी दाबतो आणि सायट्रिक आम्ल व बुडबुडे ती कापतात. उरलेला ग्लास रात्रभर टेबलावर ठेवून सकाळी घोटभर चाखा: गॅस गेलेला, कोमट, पाकासारखा चिकट. आम्ही चाचणीच्या वेळी हे नेहमी करतो, ग्राहकाला मात्र कधी सांगितलं नाही. अल्कोहोलचा कडवटपणाही याच गोडीत लपतो आणि सरबत प्यायल्यासारखी दुसरी बाटली संपते.

फळांचा रस 8 टक्के आहे, म्हणजे बाटलीत 26 मिली. बाकी वास फ्लेवरचा, रंग काळ्या गाजराच्या अर्काचा, टिकण्यासाठी पोटॅशियम सॉर्बेट. क जीवनसत्त्व घातलंय ते हवेमुळे पेय खराब होऊ नये म्हणून. पौष्टिकतेच्या नावाखाली ते मी विकणार नाही.

एका मुद्द्यावर मात्र तुमच्याशी सहमत नाही. सगळी गोडी रसाचीच असती तर पेय आरोग्याला चांगलं झालं असतं, असं तुम्ही म्हणता. चव नक्की सुधारली असती. पण रसातली साखरही संघटनेच्या त्याच हिशेबात धरली जाते, आणि अल्कोहोल तर तेवढंच राहिलं असतं.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं. आमचा बेस, म्हणजे ज्यातून अल्कोहोल येतं तो मूळ भाग, वाइनचा नाही, बार्लीच्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) आहे. ज्यांना ग्लूटेन (गहू-बार्लीतलं प्रथिन) चालत नाही त्यांनी हा कूलर घेऊ नये. हे आतापर्यंत मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होतं.

पुढच्या छपाईपासून साखर, कॅलरी, रसाचं प्रमाण आणि बार्ली ही माहिती पुढच्या बाजूला, चित्राच्या खालीच येईल. तोवर शिल्लक बाटल्यांच्या गळ्यात हीच माहिती छापलेली चिठ्ठी बांधतोय, आणि काउंटरवरच्या मुलांना आकडे पाठ करून घ्यायला सांगितलेत.