मुक्काम एकच ठेवा

लहान मुलांना घेऊन कमी खर्चात सुट्टीला कसं जावं, हे गेल्या महिन्याभरात तिघीचौघींनी विचारलं. फोनवर प्रत्येकीला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं म्हटलं. लांब होणार आहे, सवडीने वाचा.

आम्ही चौघं पहिल्यांदा गेलो तेव्हा थोरला चार वर्षांचा होता आणि धाकटी दीड. सहा दिवस, तीन गावं. आखणी माझीच होती आणि कागदावर ती फार सुंदर दिसत होती. दुसऱ्या गावाला पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. आधीच्या ठिकाणची खोली अकराला सोडावी लागली होती आणि नवी मिळणार होती दोनला. म्हणजे धाकटी रोज ज्या वेळात झोपते, नेमकी तेवढीच वेळ आम्हाला खोली नाही. तिथल्या सोफ्यावर तिला मांडीवर घेऊन थोपटत बसले. समोर टीव्ही चालू, माणसांची ये-जा, बॅगांची खडखड. ती झोपली नाही. संध्याकाळी जे बघायला एवढ्या लांब आलो ते बघितलंच नाही, आधी काढून ठेवलेली तिकिटं वाया गेली. येताना बस सोडून टॅक्सी केली, कारण दोघंही कडेवर. जेवलो ते समोर पहिलं जे दिसलं तिथे, कारण पुढे चालण्याचं त्राण कोणात नव्हतं. थोरल्याचं रडं थांबावं म्हणून एक खेळणं घेतलं, ते रात्रीपर्यंत मोडलं. झोपण्याआधी नवऱ्याने हिशेब मांडला, तर त्या एका दिवसात आधीच्या दोन दिवसांइतके पैसे गेले होते.

तो हिशेब मी बराच वेळ बघत बसले. त्यात चैनीची एकही गोष्ट नव्हती. सगळे पैसे थकव्यापायी गेले होते.

स्वस्त तिकीट, स्वस्त खोली, सवलतीचं कूपन हे सगळं आपण आठवडेच्या आठवडे शोधतो. पण मुलं लहान असताना बजेट फुटतं ते मूल दमल्यानंतरच्या दोन तासांत. त्या वेळी आपण भाव करत नाही, तुलना करत नाही, मिळेल ते मिळेल त्या किमतीला घेतो. म्हणून खर्च वाचवायचा तर आधी मुलाचा दिवस वाचवायला हवा, हे माझं आता ठाम मत आहे. आणि त्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मुक्काम एकच. पाच दिवस असोत नाहीतर तीन, एकदा बॅग उघडली की ती घरी परतायच्या दिवशीच भरायची.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांच्या झोपेबद्दल मार्गदर्शन दिलं आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्याला १० ते १३ तास, दुपारची झोप धरून. आता उरलेल्या तासांतून आंघोळी, जेवणं, कपडे, शी-शू, रुसवेफुगवे वजा करा. फिरायला हातात चार-पाच तास राहतात, तेही सलग नाहीत. एवढ्या वेळात दिवसाला एकच गोष्ट नीट होते. आम्ही ती सकाळी ठेवतो. दुपारी खोली, पडदे, झोप. संध्याकाळी पायी जाता येईल तेवढंच. यात तिकिटं कमी लागतात, गाड्या कमी लागतात, आणि आपल्यालाही दुपारी पाठ टेकायला मिळते.

‘मग बघायचं काय?’ हा प्रश्न मलाही पडला होता. पण यादी आपली असते हो, मुलांची नसते. अडीच वर्षांच्या मुलाला चार नवी ठिकाणं नको असतात, कालचंच हवं असतं. काल ज्या पायऱ्यांवरून उडी मारली त्याच पायऱ्या, काल ज्या पाण्यात दगड टाकले तेच पाणी. नदीकाठ, समुद्रकिनारा, सार्वजनिक बाग, झाडाखालची मोकळी जागा, यांना बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. मोठ्या शहरात जाणार असाल तर संग्रहालयांचे नियम आधी बघा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये कायमचा संग्रह बघायला तिकीट नाही, वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियनची संग्रहालयं मोफत आहेत, पॅरिसच्या लूव्रमध्ये १८ वर्षांखालच्यांना पैसे पडत नाहीत. मोफत जागेचा आणखी एक फायदा असा की मूल अर्ध्या तासात कंटाळलं तर जीव हळहळत नाही. पैसे भरलेले असले की आपण मुलाला ओढत फिरवतो. मी फिरवलं आहे.

पाण्याबद्दल मात्र एक सांगतेच. लहान मूल बुडतं ते बहुतेकदा आवाज न करता, आणि थोड्याशा पाण्यातसुद्धा. पाण्याजवळ असताना एका मोठ्या माणसाने फक्त मुलाकडे बघायचं, हात पोचेल इतक्या अंतरावर राहून, फोन पिशवीत ठेवून. दहा मिनिटांनी पाळी बदलायची तर तोंडाने स्पष्ट सांगायचं, ‘आता तू बघ’. दोघंही आहेत म्हणून कोणीतरी बघत असेल, असं धरून चालायचं नाही.

आता वेळ. मुलं शाळेत जायला लागली नसतील तर तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी पुढची कित्येक वर्षं परत मिळणार नाही, ती म्हणजे शाळांना सुट्टी नसतानाचे आठवडे. तेव्हा तिकिटं आणि खोल्या साधारणपणे उतरलेल्या असतात, त्यातही शनिवार-रविवार टाळला तर आणखी. आम्हाला हे उशिरा सुचलं, तोवर थोरल्याची शाळा सुरू झाली होती. ज्यांची मुलं अजून दोन-तीन वर्षांची आहेत त्यांना कळकळीने सांगते, हा काळ वापरा.

वयाच्या अटी नीट वाचा. विमानात साधारणपणे दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घेऊन नेता येतं, वेगळी सीट घ्यावी लागत नाही. पण दुसरा वाढदिवस प्रवासाच्या मध्येच येत असेल तर परतीला सीट लागू शकते. रेल्वे, बस, हॉटेल प्रत्येकाची वयाची रेघ वेगळी असते. ‘मुलं मोफत’ असं लिहिलेलं असतं तिथे कितव्या वर्षापर्यंत, किती मुलं, आणि जादा गादी धरून की सोडून, हे विचारून लेखी घ्यावं. एका ठिकाणी आम्हाला फोनवर एक सांगितलं आणि बिलात दुसरंच आलं. रात्री नऊ वाजता झोपलेलं मूल खांद्यावर असताना आपण भांडत नाही, पैसे भरून टाकतो.

खोलीला छोटं स्वयंपाकघर असेल तर थोडी महाग पडली तरी घ्या. तीन वेळा बाहेर खाणं चौघांना परवडत नाही हे झालंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलांना भूक घड्याळ बघून लागत नाही. सकाळचं आणि रात्रीचं साधं काहीतरी खोलीवर, बाहेरचं एकदाच, दुपारी. आणि स्वयंपाक एकटीने करायचा नाही. घरातलंच काम दुसऱ्या गावी जाऊन करायचं असेल तर बाईची सुट्टी कुठे झाली? आमच्याकडे सहलीत भांडी नवऱ्याकडे असतात आणि ते निघायच्या आधी ठरलेलं असतं.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, दारापासून दारापर्यंतच्या तासांत मोजा. आमची मर्यादा पाच तासांची. गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन ते बारा या वयात जास्त असतो. डोळ्यांना आतली स्थिर सीट दिसते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल कळते, आणि त्या दोन्हींचा मेळ बसत नाही. म्हणून चालत्या गाडीत पुस्तक किंवा मोबाइल देणं उलट अंगाशी येतं, दूरवर बाहेर बघायला लावलं की आराम पडतो. विमान उतरताना बाळाला अंगावर पाजावं किंवा बाटली द्यावी, गिळलं की कानातला दाब मोकळा होतो. पिशवीत ओआरएसची पाकिटं असू द्या. पाकिटावर लिहिलं आहे नेमकं तेवढ्याच पाण्यात कालवायचं, कमी-जास्त करायचं नाही. २५०० मीटरच्या वरच्या जागा मुलं नीट बोलायला लागेपर्यंत आम्ही लांबच ठेवल्या, कारण उंचीवर डोकं दुखतंय हे दोन वर्षांचं मूल सांगू शकत नाही, ते नुसतं रडतं.

पैशांचं गणित आम्ही आता उलट करतो. आधी ठिकाण ठरवून मग पैसे जमवायचे, हे बंद. आधी रक्कम ठरते, तिचा पाचवा हिस्सा आजारपणासाठी बाजूला जातो, उरलेल्यात जे बसेल ते ठिकाण. हप्त्यांवर सहल करू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. चार दिवसांच्या फोटोंसाठी वर्षभर हप्ता फेडताना घरात जी चिडचिड होते ती मुलं रोज बघतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातल्या ३१ व्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हटला आहे. त्यात किती लांब जायचं हे कुठेही लिहिलेलं नाही. दीड तासावरच्या गावी दोन रात्री राहिलात तरी मुलांच्या लेखी ती सहलच असते.

सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘अगं, एवढ्याशा पोरांना नेऊन त्यांना काय आठवणार?’ त्यांचं अर्धं खरं आहे. मोठ्या माणसांना सगळ्यात जुनी आठवण असते ती बहुधा तीन-साडेतीन वर्षांच्या सुमाराची, त्याआधीचं सहसा काही उरत नाही. म्हणूनच ‘आयुष्यात एकदाच’ म्हणून जमवलेली मोठी रक्कम या वयात घालू नये. पण जाऊच नये हे मला पटत नाही. घरी आम्ही दोघं एका खोलीत असलो तरी कामात असतो. तिथे थोरला सलग चार दिवस बाबाच्या खांद्यावर होता. पुढे त्याच्या आठवणीत राहो न राहो, त्याला ते त्या वेळी हवं होतं.

शिवाय सहलीतला एक मोठा भाग फुकट असतो, तो म्हणजे वाट बघणं. जेरोन नवाइन आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या १,५३० प्रौढांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. सुट्टीवर जाणारे लोक इतरांपेक्षा जास्त आनंदी होते ते जाण्याआधी. परतल्यावर बहुतेकांच्या बाबतीत फरक उरला नव्हता. आमच्याकडे निघायच्या वीस दिवस आधी रंगीत कागदाच्या वीस कड्यांची साखळी दाराला लटकते. ‘तीन आठवड्यांनी’ म्हणजे काय ते चार वर्षांच्या मुलाला कळत नाही, रोज रात्री एक कडी फाडली की कळतं. पिशवीत काय घ्यायचं, तिथे झोपायचं कुठे, यावर तेवढे वीस दिवस बोलणं चालतं.

आणि शेवटचा दिवस. आम्ही पूर्वी पहाटेची गाडी पकडायचो, एक दिवस वाचतो म्हणून. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग केला होता. लोकांनी एकदा ६० सेकंद गार पाण्यात हात धरला, एकदा तेवढाच वेळ धरून पुढे आणखी ३० सेकंद, पण त्या शेवटच्या वेळात पाणी किंचित कमी गार केलं होतं. पुन्हा कोणतं करणार विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. हे वाचल्यापासून मी पहाटेची गाडी सोडली. या वेळी परतीचं तिकीट संध्याकाळचं आहे, खोली दुपारी चारपर्यंत मागून घेतली आहे, आणि त्या दिवशीची सकाळ धाकटीला ज्या पाण्यात दगड टाकायचे असतील तिथे जाणार आहे.