इरिडियम प्लगने पद्मिनीचं ॲव्हरेज वाढत नाही हो

जुन्या गाड्यावाल्यांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, तुम्हालाही आलाच असेल. पद्मिनी असो की ॲम्बेसेडर, साधे स्पार्क प्लग काढा आणि इरिडियम धातूच्या टोकाचे टाका, ॲव्हरेज पाच किलोमीटरने वाढणार, गॅप (ठिणगी पडते ते अंतर) १.१ मिलीमीटर ठेवा म्हणजे ठिणगी मोठी, ‘हॉट’ प्लग घ्या म्हणजे ठिणगी गरम, थ्रेड बसला की कुठलाही प्लग चालतो, आणि वर ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) चा त्रासही यानेच जातो म्हणे. माझ्याकडे ८६ ची पद्मिनी आहे, प्लग मीच काढतो-घालतो आणि या महिन्यात तिघांनी हेच पाठवलंय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी ॲव्हरेज. प्लगचं काम पेटवायचं, ते त्याने दरवेळी नीट केलं की संपलं, पेटलेलं आणखी पेटवता येत नाही. ‘टाकले आणि गाडी पळायला लागली’ म्हणणाऱ्यांचे आधीचे प्लग बहुतेक वेळा पार झिजलेले असतात, तिथे नवे साधे टाकले असते तरी तेवढाच फरक पडला असता. इरिडियम वाईट नाही, २४०० डिग्रीच्या वर वितळतं म्हणून टोक तारेसारखं बारीक करता येतं, कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते आणि प्लग खूप टिकतो. पण हे टिकणं कामाचं कुठे, तर जिथे प्लग बदलायला अर्धं इंजिन उघडावं लागतं तिथे. आपलं बॉनेट उचललं की चारही प्लग समोर. शिवाय आपली गाडी रविवारी चोक ओढून निघते, दोन किलोमीटर फिरून परत, मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी), प्लगवर काजळी. साधा प्लग ब्रश मारून परत लावता येतो, इरिडियमच्या त्या टोकाला तारेचा ब्रश लावलात तर पैसे गेले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ पर्यंत रस्त्यावर होत्या, इरिडियमसाठी कोणी थांबलं नव्हतं.

‘हॉट’वाला मुद्दा तर कमालच आहे. हॉट-कोल्डचा ठिणगीशी काही संबंध नाही, प्लग स्वतःची उष्णता इंजिनच्या हेडमध्ये किती पटकन सोडतो त्याचं ते माप. आतलं पांढरं पोर्सिलेन लांब असेल तर उष्णता उशिरा निघते, तो हॉट, आखूड असेल तर कोल्ड. टोक साधारण ५०० डिग्रीच्या खाली राहिलं तर काजळी जळत नाही, साडेआठशे-नऊशेच्या वर गेलं तर ठिणगीआधीच मिक्श्चर पेटायला लागतं. आणि गंमत अशी की एनजीके कंपनीच्या प्लगचा आकडा वाढला की प्लग कोल्ड, बॉशचा वाढला की हॉट! एनजीकेचा बीपी६ईएस आणि बॉशचा डब्ल्यू७डीसी साधारण एकाच रेंजचे आहेत, म्हणजे मेसेज वाचून कोणी एनजीकेचा मोठा नंबर मागितला तर तो उलट्याच दिशेला जाणार.

यात मीही फसलोय. माझा तिसरा प्लग कायम काळा, तेलकट, ओला, बाकी तिन्ही छान बिस्किटी रंगाचे. मेकॅनिक म्हणाला एक नंबर हॉट टाकू, टाकला, काजळी कमी झाली, मी खूश. तेल मात्र व्हॉल्व्ह गाइडमधून उतरतच होतं, ते हेड उघडल्यावर कळलं.

गॅपचं थोडक्यात. पॉइंटवाल्या (जुन्या, इलेक्ट्रॉनिक नसलेल्या इग्निशनच्या) गाडीला ०.६ ते ०.७ मिलीमीटरच्या आसपास गॅप असते, मॅन्युअलमध्ये बघा आणि फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घाला. १.१ ही इलेक्ट्रॉनिक इग्निशनची गॅप, नवीन प्लगच्या नंबरपुढे ११ छापलेलं असेल तर ती तशीच सेट होऊन येते. उभ्या गाडीला फरक कळणार नाही, पण खंबाटकी घाटात टॉप गिअरवर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, इग्निशन कॉइलला तेवढा दम नसतो, आणि मिसिंग (मधूनच ठिणगी चुकणं) सुरू. मग लोक कार्बोरेटर खोलत बसतात.

ई-२० मध्ये ऑक्सिजन जास्त, कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) जुनेच, म्हणून मिक्श्चर लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. प्लग फक्त पांढरा पडून ते दाखवतो, दुरुस्ती करायची कार्बोरेटरची आणि रबरी पाइपांची.

आता ‘थ्रेड बसला की झालं’. हे सगळ्यात महाग पडणारं. १४ मिलीमीटरचे थ्रेड सारखेच, पण लांबी १२.७ किंवा १९. आखूड थ्रेडच्या हेडमध्ये लांब प्लग घातला तर पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला भिडू शकतो, लांबच्या जागी आखूड घातला तर उरलेल्या थ्रेडमध्ये कार्बन साचतो आणि पुढे बरोबरचा प्लगही जात नाही. जुना आणि नवा प्लग शेजारी धरून बघायला दहा सेकंद लागतात.

आणि पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. प्लग थंड इंजिनात, आधी बोटांनी पूर्ण फिरवायचा, मग नवा वॉशर असेल तर पान्याने साधारण अर्धा फेरा, बास. मी एकदा गरम इंजिनात घाईने ओढला होता, चौथ्या सिलिंडरला तेव्हापासून हेलिकॉइल (खराब झालेल्या थ्रेडच्या जागी बसवलेला तारेचा नवा थ्रेड) आहे.