रोटाव्हेटर न्यायला आलात तर ट्रॅक्टरपण घेऊन जा

मंडळी, मिनी ट्रॅक्टर घेताय? अभिनंदन! विमा कसा काढायचा ते आता आमच्यासारख्या अनुभवी माणसाकडून ऐका. अनुभव ताजा आहे, मागच्याच पंधरवड्यातला.

पहिलं म्हणजे शोरूमवाल्याला काही विचारू नका. तो "फुल इन्शुरन्स आहे दादा" म्हणाला की मान डोलवायची. हार, नारळ, पेढे, चावी घेतानाचा फोटो चाललेला असताना पॉलिसी वाचत बसणारा माणूस अपशकुनी दिसतो. कागद इंग्रजीत असतात ते आपल्या सोयीसाठीच, म्हणजे वाचायची कटकटच नको. घरी आल्यावर सातबाऱ्याच्या पिशवीत टाकून द्या.

ट्रॅक्टरवरचा जीएसटी 2025 च्या सप्टेंबरात 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्या आनंदात विम्याच्या पावतीवरचे 18 टक्के बघू नका.

ट्रॉलीचं पासिंग वेगळं, विमा वेगळा. पण मागे जोडलीय म्हणजे त्यातच आली, असंच समजायचं. अख्खा तालुका तसंच समजतो.

टायर फाडायचा असेल तर ट्रॅक्टर बाभळीवर घालून फाडा. एकटा टायर फाटला तर कंपनीकडून शून्य, सोबत ट्रॅक्टरलाही दणका बसला तर टायरचे निम्मे.

आता अवजारं. हा विषय अजिबात काढू नका. द्राक्षबागेत ट्रॅक्टर म्हणजे नुसता बैल हो, काम करतो माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर आणि औषध फवारणारा ब्लोअर, आणि पैसेही तिकडेच गेलेले असतात. आमच्या बिलावर तिन्ही नावं एकाखाली एक छान छापलेली, पॉलिसीवर फक्त ट्रॅक्टर. रोटाव्हेटरला ना नंबर प्लेट ना आरसी, कंपनीच्या लेखी तो मागं जोडलेलं लोखंड. हे कधी कळलं, तर ऐन छाटणीच्या तोंडावर एका सकाळी गोठ्यासमोर गेलो आणि ज्या दोन दगडांवर रोटाव्हेटर टेकवलेला असतो ते दोनच दगड होते. चिखलात पिकअपच्या चाकाच्या खुणा, आणि आमचं कुत्रं शेपूट हलवत उभं. पोलिसात गेलो, तक्रार दिली, कंपनीत फोन केला, चार वेळा बटणं दाबून झाल्यावर एक पोरगी म्हणाली, सर, रोटाव्हेटर पॉलिसीत नाही. मी म्हटलं, ताई, फुल आहे ना पॉलिसी? ती म्हणाली, सर, ॲक्सेसरी म्हणून दाखवला असता तरी एकटी ॲक्सेसरी चोरीला गेली तर क्लेम बसत नाही, गाडीपण त्याच वेळी चोरीला जायला पाहिजे. मी परत विचारलं, मला वाटलं ऐकण्यात काहीतरी चुकलं. नाही चुकलं, असं खरंच लिहिलंय! म्हणजे चोर आला की आपण उठून बाहेर जायचं आणि सांगायचं, बाबा रे, रोटाव्हेटर नेतोयस ना, मग ही चावी घे, ट्रॅक्टरला जोडूनच ने, माझा क्लेम बसू दे. मग एजंट म्हणाला घरफोडीची वेगळी पॉलिसी काढायची होती, तिच्यात अवजारं बसतात. बसतात, पण कुलूप, कडी-कोयंडा काहीतरी तोडल्याचं दिसलं पाहिजे. अहो, अंगणात दगडावर ठेवलेल्या रोटाव्हेटरचा कडी-कोयंडा कुठून आणू? चार फुटी लोखंडी धूड काय कपाटात ठेवतात का? अंगणात नाही ठेवायचा तर काय देवघरात ठेवायचा?

आणि चोर खरंच ट्रॅक्टरसकट घेऊन गेला तर लगेच पैसे येतील असं वाटून घेऊ नका. दोन्ही चाव्या द्या, मग तपास लागला नाही म्हणून पोलिसांची 'अ' समरी येईपर्यंत थांबा. आणि ट्रॅक्टर दोन वर्षांवरचा असेल तर पॉलिसी काढतानाच कागदावर त्याची किंमत 30 टक्क्यांनी उतरवलेली असते. बँकेचा हप्ता मात्र आहे तिथंच.

बास झालं. चेष्टा करायचा मूड गेला. अरे शोरूमवाल्या, विकताना पाच वेळा बांधावर चहा प्यायला आलास, तेव्हा एकदा तोंडातून निघालं नाही का की अण्णा, अवजारांचं वेगळं बघा? फुल म्हणजे काय फुल, तुझं कमिशन फुल? आणि कंपनीवाल्यांनो, ज्याला विकता त्याच्या भाषेत एक पान छापायला काय धाड भरते? काय नाही ते मोठ्या अक्षरात लिहा ना, हप्त्याची तारीख लिहिता तशी! आणि तुम्ही, हे वाचून हसताय ना, तुमची पॉलिसी कुठंय? काढा ती पिशवीतून आत्ता, पोराला वाचायला सांगा. रोटाव्हेटर, ब्लोअर, ट्रॉली, एकेकाचं नाव आहे का बघा. नसेल तर उद्या एजंटच्या उरावर बसून लेखी घ्या, फोनवरचं 'हो दादा' नको.

आमचा ब्लोअर सध्या ओसरीत आहे, साखळीनं खांबाला बांधलेला. आईचं बाजलं अंगणात गेलंय.