डब्यावर १० जीबी, पदरात २८०

फायरवॉल, म्हणजे ऑफिस आणि इंटरनेटच्या मध्ये बसून येणारं-जाणारं तपासणारा डबा. त्याच्या डेटाशीटवर सगळ्यात वर, सगळ्यात ठळक अक्षरात वेगाचा जो आकडा असतो ना, तो तसा छापायची पद्धत ज्यानं पाडली त्याला एकदा आमच्या गोकुळ शिरगावच्या ऑफिसात आणून बसवा. सकाळी साडेदहाला. पुण्याच्या कस्टमरच्या पोर्टलवर ड्रॉइंग चढवायची घाई असते, अकाउंटवाल्या मॅडमचं जीएसटी पोर्टल नुसतं गोल फिरत असतं, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडला चाललेलं असतं, आणि मालक दारात उभं राहून मला विचारत असतात, "काय लगा, एक जीबीचं पैसं भरतोय न्हवं आपण? मग ह्ये २८० एमबी कुठनं आलं?"

त्या डब्यातनं आलं, मालक.

लाईन चांगली आहे. लाईनवाल्यांचा पोरगा आला, आमची केबल उपसली, स्वतःचा लॅपटॉप सरळ जोडून ९३० एमबी दाखवले आणि "आमच्याकडनं ओके हाय सर" म्हणून गाडीला किक मारून गेला. खोटं नव्हतं ते. गिगाबिट पोर्टवर हेडर वगैरेचा खर्च वजा जाता ९४० च्या आसपासच हातात येतात, म्हणजे पोरानं पुरा माल दाखवला. मध्ये आमचा जुना फायरवॉल घातला की २८०. तो घेतला तेव्हा लाईन ५० ची होती, त्याचा काय दोष! म्हणून नवा घ्यायचं ठरलं, आणि तिथनं डोक्याला जो ताप लागलाय तो अजून उतरलेला नाही.

राजारामपुरीतल्या दुकानापासून पुण्याच्या डीलरपर्यंत ज्याला फोन लावावा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "युजर किती?" अरे भावा, युजर पंचवीस असोत नाहीतर अडीचशे, त्यातला एकटा डिझाईनवाला भर दुपारी बॅकअप चालू करतो आणि आख्खी लाईन खातो. डोकी मोजून काय करणार तू? लाईन केवढी, त्यातलं तपासायचं किती, व्हीपीएनवर (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात) किती जण, लाईन कुठल्या पद्धतीनं येते, हे विचार की! नाही. "पंचवीस युजर? मग हा घ्या सर, दहा जीबी थ्रूपुट, तुमच्या लाईनच्या दसपट." आणि हे स्पीकरवर मालकांच्या कानावर गेलं की झालं. त्यांच्या लेखी विषय मिटला.

दहा जीबी म्हणे! आत्ता माझ्यासमोर असल्याच एका छोट्या डब्याची शीट आहे. वर १० जीबीपीएस. थोडं खाली उतरलं की आयपीएस (हल्ले ओळखून अडवणं), १.४ जीबी. अजून खाली थ्रेट प्रोटेक्शन (व्हायरस वगैरेच्या तपासण्याही चालू ठेवून), ७०० एमबी. आणि एसएसएल इन्स्पेक्शन (कुलूपबंद ट्रॅफिक उघडून तपासणं), ६३०. डबा तोच, पान तेच, आकडे चार. मी लायसन्सचे पैसे मोजणार ते थ्रेट प्रोटेक्शनसाठी, मग मला दहा ऐकवता कशाला? सरळ सांगा ना, सातशेचा डबा आहे म्हणून.

बरं, तो दहाचा आकडा काढतात कसा? यूडीपी नावाच्या, पोच न मागणाऱ्या साध्या पद्धतीची १५१८ बाइटची मोठीमोठी पॅकेटं (डेटाचे तुकडे) एका रांगेत सोडायची, आत काय आहे ते बघायचंच नाही, पत्ता वाचून पुढं ढकलायचं. एक जीबीच्या लाईनवर असली मोठी पॅकेटं सेकंदाला ८१ हजार मावतात. तीच ६४ बाइटची असली तर १४ लाख ८८ हजार. डब्याचा घाम निघतो तो पॅकेटांच्या संख्येनं, आणि ऑफिसातल्या खऱ्या ट्रॅफिकमध्ये बारकी पॅकेटं भरपूर असतात. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक पद्धतींचे जाहीर कागद. १९९९ च्या आरएफसी २५४४ मध्ये इथरनेटसाठी ६४ पासून १५१८ पर्यंत सात साइज दिलेत, प्रत्येकीवर मोजा म्हणून. जाहिरातीत येते ती शेवटचीच. मार्च २०२३ मध्ये तर आरएफसी ९४११ आलं, त्यात सुरक्षेच्या तपासण्या चालू ठेवून, एचटीटीपीएस (कुलूपबंद वेब ट्रॅफिक) सकट कसं मोजायचं ते सगळं लिहून ठेवलंय. डीलरला विचारलं, ह्या पद्धतीनं मोजलेला आकडा मिळेल का? "सर, मी टेक्निकल टीमला कनेक्ट करतो." टेक्निकल टीमनं काय पाठवलं? तीच शीट.

रिकामा ट्रक उतारावर सोडून मायलेज काढायचं, आणि आम्ही ऊस भरून गगनबावड्याचा घाट चढवायचा, अशातली गत.

पुढची गंमत तर सेल्सवाल्यांना ठाऊकच नसते. आमची लाईन पीपीपीओईवर येते, युजरनेम-पासवर्ड टाकून डायल होणारी. यात प्रत्येक पॅकेटवर आठ बाइटचं वेष्टण वाढतं, म्हणून तर एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल साइज, १५०० चा १४९२ होतो. आठ बाइटचं एवढं काय, असं वाटेल. पण नेटवर्क कार्ड येणारं काम प्रोसेसरच्या वेगवेगळ्या कोअरवर, म्हणजे त्याच्या कामगारांवर, वाटतं ते आतला आयपी पत्ता आणि पोर्ट बघून. वरून हे वेष्टण आलं की बऱ्याच कार्डांना आतलं दिसत नाही, मग सगळा बोजा एकाच कोअरवर. बाकीचे हातावर हात ठेवून बसलेले. "लाईन पीपीपीओई आहे, त्यावर हा डबा किती देतो?" असं विचारलं तर पलीकडे शांतता. नंतर, "चालतं सर, सपोर्ट आहे." सपोर्ट आहे हे मला माहीत आहे रे! धावतो किती ते सांग!

यावर आमच्यातला एक हुशार कार्यकर्ता म्हणतो, मिनी पीसी घे, त्यात पीएफसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर टाक, फुकटात काम. पीएफसेन्स चांगलंच आहे, माझा आक्षेप नाही. पण हे एका कोअरचं दुखणं तिथं वर्षानुवर्षं होतं. २०२५ मध्ये २.८ आलं तेव्हा त्यात पीपीपीओईचा नवा ड्रायव्हर दिला, तोही सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा. शिवाय मी सुट्टीवर गावाला गेलो आणि तो पीसी बसला, तर त्याला हात कोण लावणार? कार्यकर्ता फोन उचलत नाही, हा अनुभव आहे.

आणि एसएसएल इन्स्पेक्शन! बहुतेक सगळं वेब ट्रॅफिक आता एचटीटीपीएस आहे. ते उघडल्याशिवाय डब्याला आतलं काय दिसणार, डोंबल? उघडायचं तर प्रत्येक पीसीत त्याचं सर्टिफिकेट घाला, बँकेच्या साइट वगळा, काही ॲप अडून बसतात ती वगळा, क्रोम क्विक नावाच्या यूडीपीवरच्या वाटेनं निसटतं म्हणून यूडीपीचं ४४३ नंबरचं पोर्ट बंद करा. एवढं करून वेग कोसळतो तो कोसळतोच. म्हणून निम्मे डीलर बसवतानाच ते बंद ठेवतात आणि ग्राहकाला सांगतात, बघा सर, स्पीड कसा आला!

लायसन्सचं तर बोलायलाच नको. डबा एकदाच, लायसन्स दरवर्षी, नाहीतर तीन वर्षांचं एकदम, वर १८ टक्के जीएसटी. रिन्यू नाही केलं की नव्या सिग्नेचर (नव्या धोक्यांच्या ओळखखुणा) बंद, म्हणजे लाखभराचा डबा कपाटात शोभेला. मालकांचं गणित वेगळंच. लाईन महिन्याला चार हजारांच्या आसपास, "मग त्या डब्याला लाख कशाला? त्यात सोनं हाय काय?" त्यांना कसं सांगू की लाईन स्वस्त झाली, तपासणी नाही झाली.

लॉगचं, म्हणजे कोण कुठं गेलं-आलं त्या नोंदींचं, राहिलंच. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे, लॉग १८० दिवस ठेवा. ह्या स्वस्तातल्या डब्यांत डिस्कच नसते. डिस्कवालं मॉडेल वेगळं, भाव वेगळा. पहिल्या कोटेशनात हे कुणीही लिहीत नाही.

मला फार काही नको आहे. कोटेशनवर एक ओळ लिहा: पीपीपीओई लाईन, आयपीएस चालू, एचटीटीपीएस उघडून, इतके एमबी. आणि तो डबा दोन तास आमच्या लाईनवर लावून दाखवा. कामाच्या वेळेत, रविवारी नाही. एकानंही "हो" म्हटलेलं नाही. डेमो युनिट मुंबईला आहे, इंजिनिअर सांगलीला आहे, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

शेवटी मालकांना म्हटलं, डबा ठरेपर्यंत प्लॅन ३०० चा करूया, निम्म्याहून जास्त पैसे वाचतील, आत्ता मिळतंय तेवढंच मिळेल. ते भडकलेच. "शेजारच्या फौंड्रीत एक जीबी हाय. पूर्ण स्पीड येतोय त्यांना, मी बघून आलोय."

येणारच की. त्यांच्याकडं फायरवॉलच नाही.

"मग आपलापण काढून टाक की!"